बिल्ला नंबर ४७

पालकांनी सभागृह सोडावं, ही सूचना तिसऱ्यांदा झाली तेव्हा मी सातव्या पटापासून चार फुटांवर वाकून बुटाची नाडी बांधत होतो. उभ्या माणसाला पंच लगेच हाकलतात, वाकलेल्याला जरा सवलत देतात, एवढं मी नऊ फेऱ्यांत शिकलो होतो. शेजारी एक तेलुगू गृहस्थ न हरवलेलं नाणं शोधत होते. पलीकडे एक बाई मुलीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण पाच मिनिटं फिरवत होत्या. एव्हाना त्या झाकणाचे आटे गेले असणार.

"सर," मुख्य पंच माझ्या डोक्याशी येऊन म्हणाले, "तुमच्या बुटांना नाड्या नाहीत."

मी खाली पाहिलं. खरंच नव्हत्या. त्यांनी आम्हा तिघांना आलो त्या दाराने न सोडता जनरेटरच्या बाजूच्या दाराने बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. पुढचा सगळा घोटाळा त्या दारामुळे झाला.

मुलींची तेरा वर्षांखालची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा, अकरातली दहावी फेरी. गाव आंध्रातलं. माझी भाची साडेसहा गुणांवर होती. तिचे आईवडील दोघंही बँकेत आणि दिवस मार्चअखेरचे. त्यामुळे 'मामाला एरवी तरी काय काम असतं' असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला आणि कोणार्क एक्स्प्रेसने आमची रवानगी झाली. माझी या खेळातली पात्रता म्हणाल तर मोहरी कशी चालतात ते मला येतं. भाची सहा वर्षांची असल्यापासून मला हरवते आहे. अलीकडे तर तीही तसदी घेत नाही. पट मांडते, माझी पहिली चाल बघते आणि म्हणते, "मामा, तू मनातल्या मनात हर, मी जेवून येते."

ताईच्या सूचना रोज येत. "केळं दे. एसीची हवा डोक्यावर येऊ देऊ नकोस. आणि तिला सांग, हरलीस तरी काही बिघडत नाही." एवढं बोलून क्षणभर थांबायची आणि आवाज उतरवून म्हणायची, "पण आज हरायला नकोय रे."

त्या दिवशी एसी खरोखर डोक्यावरच होता, म्हणून मी माझं जाकीट तिच्या खांद्यांवर टाकून आलो होतो. हे जाकीट लक्षात असू द्या.

आतल्या मुली शांततेत खेळत होत्या. खरी स्पर्धा बाहेरच्या व्हरांड्यात होती. तिथे तीसेक पालक. काही खुर्च्यांवर, काही खुर्च्यांभोवती, आणि बरेचसे येरझारांत. येरझारांत काही कमीपणा नाही. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी गुकेशने डिंग लिरेनचा चौदावा डाव घेऊन जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा त्याचे वडील डॉ. रजनीकांत दाराबाहेर जे काही चालत होते ते सगळ्या जगाने पाहिलं. ते स्वतः कान-नाक-घशाचे सर्जन. दुसऱ्याच्या घशात हात घालताना ज्यांचा हात हलत नाही, त्यांचे पाय मात्र ठरत नव्हते. मग आमची काय कथा? आमच्यातले एक गृहस्थ तर भिंतीपर्यंत जाऊन घोड्यासारखे वळत. अडीच पावलं पुढे, एक तिरकं.

माझा आधार म्हणजे थर्मासवाले काका. नागपूरचे. मुलगी पाचव्या पटावर, सात गुणांवर. पहिल्या दिवसापासून त्यांच्या दोन लिटरच्या स्टीलच्या थर्मासमधला आल्याचा चहा आम्ही वाटून पीत होतो. आमचं भांडण फक्त एका विषयावर.

"अजी, आमच्या नागपूरची दिव्या पाहा नं," काका झाकणात चहा ओतत म्हणत. "बाटुमीत वर्ल्ड कपच्या फायनलला समोर कोण? हंपी! टायब्रेकला हरवलं. एकोणीस वर्षांची पोर, वर्ल्ड कप जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली."

ही २०२५ च्या जुलैतली गोष्ट. पण काका ती काल संध्याकाळी घडल्यासारखी सांगत, आणि सांगताना जणू घोडा त्यांनीच हलवला होता. मग सांगलीचा माणूस म्हणून मला उत्तर देणं भाग पडे. मी भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ काढी. मग भाग्यश्री साठे. मग खाडिलकर भगिनी.

"त्या तर मुंबईच्या नं जी?"

"पणजोबा नाट्याचार्य खाडिलकर. सांगलीचे."

"पणजोबा खेळत होते काय?"

हा मुद्दा मी सोडून देत असे. पण वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींनी १९७४ ते १९८३ अशी पहिली दहा वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद एकदाही घराबाहेर जाऊ दिलं नाही, हे मात्र काकांनाही कबूल होतं. "म्हंजे घरच्या घरीच फायनल," ते म्हणत. "त्या मायबापाचं काय होत असेल हो? कोणासाठी देव पाण्यात ठेवायचे?"

देव पाण्यात ठेवण्याचा प्रश्न त्या दिवशी आम्हालाही पडणार होता. त्याचं नाव बुखोल्झ.

ज्यांच्या घरी ही ब्याद आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. ही पद्धत झ्युरिकला १८९५ साली सुरू झाली. साधारण सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात, बाद कुणीच होत नाही, त्यामुळे अकराही फेऱ्या अकराही दिवस छळ चालू राहतो. शेवटी पाच-सहा जणी सारख्याच गुणांवर येतात. मग वर कोण, खाली कोण? तर ब्रुनो बुखोल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९३२ साली तोडगा काढला की तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज करायची. तुमचे प्रतिस्पर्धी जितके यशस्वी, तितके तुम्ही वर.

म्हणजे काय, ते मला काकांनी नऊ फेऱ्या झाल्यावर कागदावर मांडून दाखवलं. तिसऱ्या फेरीत भाचीला एका तमिळ मुलीने हरवलं होतं. दोन वेण्या, दोन्हींवर गजरा. त्या रात्री तिचे वडील लिफ्टकडे धावत येत असताना मी आत उभा राहून दार बंद होऊ दिलं होतं. बटण दाबलं नव्हतं, पण हातही घातला नव्हता. आता बुखोल्झच्या हिशोबाने त्या मुलीचं भलं होणं ही आमची गरज होती. मी उठलो, कँटीनमधून फिल्टर कॉफी आणली आणि त्या गृहस्थांच्या हातात दिली.

"हे कशासाठी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सहज," मी म्हणालो. "मुलगी फार गुणी आहे हो तुमची. आज जिंकू दे."

ते कॉफीकडे बघत राहिले. लिफ्ट त्यांच्याही लक्षात होती.

परत जागेवर आलो तर एक मल्याळी बाई केळ्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन माझीच वाट पाहत होत्या. पाचव्या फेरीत भाचीने त्यांच्या मुलीला हरवलं होतं. गेले पाच दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. "तुमच्या मुलीने आज जिंकलंच पाहिजे," त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. मी वेफर्स घेतले. आम्ही दोघांनी एकमेकांना पुरतं ओळखलं होतं.

घोळ पुढेच होता. चौथ्या आणि सहाव्या फेरीतल्या आमच्या दोन्ही प्रतिस्पर्धी आज एकमेकींसमोर होत्या. सांगलीच्या गणपतीला मागायचं तरी काय? मी सरळ सांगून टाकलं, बाप्पा, बाराव्या पटावर बरोबरी कर. आणि सध्या जी भाचीसमोर बसली आहे तीही उद्यापासून आमच्या बेरजेत येणार, तेव्हा तिलाही उद्या यश दे. फक्त आज नको. एवढी तपशीलवार प्रार्थना मी दहावीच्या भूमितीलाही केली नव्हती.

पहिल्या पाच पटांवरचे डाव मोबाइलवर दिसत. आमचा सातवा, म्हणून आम्ही अंधारात. काकांना मात्र मुलीची चाल न् चाल दिसे आणि शेजारी इंजिनाचा आकडा. आकडा अर्ध्याने खाली आला की काका चहाचा घोट अर्ध्यात थांबवत. चौथ्या पटावरच्या मुलीचे वडील त्याहून पुढे गेलेले. ते लॅपटॉप मांडीवर घेऊन बसत आणि मुलीच्या प्रत्येक खेळीवर तिला तिच्या गैरहजेरीत रागावत. "हत्ती! हत्ती घे! अगं दिसत कसं नाही तुला?" बारा वर्षांच्या मुलीला जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसत होतं, कारण इंजिनाने तिथे हिरवा बाण काढला होता.

फसवाफसवी होऊ नये म्हणून ते प्रक्षेपण पंधरा मिनिटं उशिरा सोडतात. त्यामुळे लॅपटॉपवर आकडा अधिक तीनवर असताना दार उघडलं आणि खुद्द मुलगीच बाहेर आली.

"बाबा, हरले."

"गप बस, तू जिंकते आहेस."

"बाबा, मी सही करून आलेय."

"हे बघ ना, प्लस तीन! जा, परत जा आत!"

पुढची दहा मिनिटं ती बापाशेजारी बसून स्वतःला हरताना बघत होती. मधेच तिने लॅपटॉपकडे बोट दाखवून सांगितलं, "आता मी घोडा घालवणार." बापाने तोंडावर हात घेतला. घोडा गेला.

मला दिसत होती ती एवढीच गोष्ट. दाराच्या काचेवर चिकटवलेल्या नियमांच्या कागदाला खालच्या कोपऱ्यात दोन बोटं रुंदीची फट होती, आणि त्या फटीतून भाचीची वेणी. ती विचारात पडली की वेणीचं टोक चावते. डाव चांगला असला तरी चावते, वाईट असला तरी चावते. पण गेल्या नऊ दिवसांत माझा असा अभ्यास झाला होता की चांगला असला तर डाव्या दाढेने. फट मोठी गिऱ्हाइकीची. मागून कुणीतरी खांद्यावर टकटक करी आणि आपली पाळी संपे. एकदा तर मी तीन मिनिटं भलत्याच मुलीची वेणी वाचून घरी 'जोरात आहे' असं कळवायला निघालो होतो.

कळवायला म्हणून खिशात हात घातला तर खिशात फोन नव्हता.

दुसरा खिसा. नव्हता. मागचा खिसा. रुमाल आणि कसलासा प्लॅस्टिकचा बिल्ला. आणि मग मला जाकीट आठवलं.

खेळाडूजवळ मोबाइल सापडला की डाव गेला, हा नियम. वाजला तर काही बोलायलाच नको. २००३ साली प्लोवदिवला युरोपीय सांघिक स्पर्धेत रुस्लान पोनोमारिओव्हचा फोन वाजला आणि डाव तिथेच गेला. जागतिक विजेतेपद मिळवलेला माणूस तो! त्याला सोडलं नाही, तिथे सांगलीच्या सातवीतल्या मुलीला कोण सोडणार? माझा फोन कधी वाजणार हेही मला ठाऊक होतं. ताई बँकेतल्या चहाच्या सुट्टीत रोज बरोबर पाच वाजता फोन करते. आत्ता चार बावन्न झाले होते. आणि माझी रिंगटोन म्हणजे सनई-चौघडा. लग्नघरातही दोन गल्ल्या ऐकू जाईल असा.

"पंचांना सांगू का?" मी काकांना विचारलं.

"सांगाल तर आत्ता पॉइंट गेला," काका म्हणाले. "नाही सांगाल तर पाच वाजता."

"मग?"

"बहिणीलेच फोन करून सांगा नं जी, करू नको म्हणून. हा घ्या माझा."

फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की मला ताईचा नंबर पाठ नाही. बायकोचा नाही. स्वतःचा सांगतानाही मी शेवटच्या चार आकड्यांशी अडखळतो. आयुष्यात एकच नंबर पाठ आहे, सांगलीच्या घरचा लँडलाइन, नंतर पुढे लागलेल्या दोनसकट. लावला. नवव्या रिंगला आईने उचलला.

"आई, मी बोलतोय."

"बोल. आज मोहरी कुठली मिळाली?" आईला या खेळातलं एवढंच कळतं, आणि तेही स्वयंपाकघरातून.

"काळी. आई, ऐक—"

"बरं झालं. पांढरीला चव नसते."

"आई, ताईला लगेच सांग, मला पाच वाजता फोन करू नकोस. अजिबात नको."

पलीकडे शांतता.

"काय झालं रे?"

"काही झालं नाही."

"मग आवाज का असा येतोय?"

"तू फक्त सांग, काळजी करू नकोस आणि फोन करू नकोस."

बोलून झाल्यावर कळलं, मी काय करून बसलो ते. 'काळजी करू नकोस, फोन करू नकोस' असा निरोप आल्यावर शांतपणे चहा पीत बसणारी बाई आमच्या घराण्यात अजून जन्मलेली नाही. आईने तो निरोप ताईला देताना शेवटी 'रडवेला वाटला गं' एवढं आपल्या पदरचं घातलं, हे मला नंतर समजलं. ताई पाचची वाट बघत बसलीच नाही. चार छप्पन्नला सनई सुरू झाली.

पण आत नाही. व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला, प्रवेशद्वाराशी.

तिथल्या टेबलावर प्लॅस्टिकचा टब होता आणि टबात, मुलींना पटावर सोडायला आत जाताना पालकांनी जमा केलेले फोन. बाहेर येताना बिल्ला देऊन परत घ्यायचे. सगळ्यांनी घेतले होते. बाजूच्या दाराने हाकलून दिलेल्या माणसाने घेतला नव्हता. रिकाम्या टबात घुमून चौघड्याला मंगल कार्यालयाचा नाद चढला. टेबलावरच्या मुलीने फोन उंच धरला आणि ओरडली, "फॉर्टी सेव्हन! कौन है फॉर्टी सेव्हन?"

मी मागच्या खिशातून बिल्ला काढला. ४७. तीस पालक माझ्याकडे पाहत होते. सभागृहाचं दार उघडलं आणि मुख्य पंच बाहेर आले.

"तुम्हीच का," ते म्हणाले. "नाड्यावाले."

उरलेल्या फेरीसाठी माझी रवानगी थेट फाटकाबाहेर झाली. तिथे एक कडुलिंब, एक बाकडं आणि एक वयस्कर वॉचमन. त्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि मला तेलुगूतलं काहीच. ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "जाकीट दिलंस हे मात्र बरं केलंस."

साडेपाच झाले. सहाला पाच कमी. एकेक मूल बाहेर पडत होतं. आमचं नाही. काकांनी व्हरांड्यातून निरोप पाठवला की घाबरू नका, १९८९ साली बेलग्रेडला निकोलिच आणि आर्सोविच २६९ चाली खेळले होते, वीस तास पंधरा मिनिटं, आणि शेवटी बरोबरी झाली. हा दिलासा होता असं मी धरून चाललो.

वॉचमनला माझी दया आली असावी. त्याने खुणेने विचारलं, कोण? मी वेणी दाखवली, जाकीट दाखवलं, सात बोटं दाखवली. तो आत गेला. पाच मिनिटांनी लगबगीने परत आला आणि लांबूनच ओरडला, "गेलिचिंदी! गेलिचिंदी!"

गेली. मी बाकड्यावर बसलो. साडेतीन तास खेळून पोर गेली. आणि हा बाबा हसत होता! दोन्ही हात वर करून हसत होता, माझ्या पाठीवर थापा मारत होता आणि पुन्हापुन्हा तेच. गेलिचिंदी. दुसऱ्याच्या दुःखाची इतकी उघड मजा घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. ताईला कसं सांगायचं याची वाक्यं मी जुळवू लागलो.

तेवढ्यात भाची आली. जाकिटाच्या बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या.

"असू दे गं," मी म्हणालो. "खेळात हारजीत चालायचीच."

"जिंकले मी."

"मग हे गेली म्हणतायत!"

वॉचमनने मान जोरजोरात हलवली. "गेलिचिंदी!"

"मामा, ती जिंकली असं म्हणतायत ते. इथे जिंकण्याला तसंच म्हणतात. दहा दिवस झाले आपल्याला येऊन."

"जिंकलीस कशी पण?"

"तिने हत्तीला हात लावला. मग हलवावाच लागला." तिने खिशात हात घातला. "तुझ्या जाकिटात लिमलेटच्या दोन गोळ्या होत्या. मी खाल्ल्या. भूक लागलीय."

रात्री जेवून आलो तेव्हा हॉटेलच्या खालच्या लॉनवर मुली 'दगड का माती' खेळत होत्या. भाची, थर्मासवाल्या काकांची मुलगी, आणि गजरेवाली. तमिळ मुलीला नियम कळत नव्हते, तरी तीच राज्य घेऊन पळत होती. काका पायरीवर बसले होते. त्यांच्या मुलीची बरोबरी झाली होती, साडेसात. आमचेही साडेसात. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, माझ्यापुढे केला. आल्याचा वास सुटला.

"शेवटच्या फेरीची यादी लागली काय जी?"

फोन आता माझ्या हातातच होता, त्यामुळे मीच पाहिलं. चौथा पट. डाव्या बाजूला भाचीचं नाव. उजव्या बाजूचं नाव वाचून मी फोन त्यांच्यापुढे धरला.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. "अरे वा," ते म्हणाले. "छान झालं." मग त्यांनी माझ्या हातातलं झाकण अलगद काढून घेतलं, राहिलेला चहा आत ओतला आणि थर्मासचा आटा शेवटपर्यंत घट्ट आवळला.